व्हॅलोरंट आणि सीएस२ साठी २५ हजारांत अपग्रेड: ग्राफिक्स कार्ड आधी की प्रोसेसर?

घणसोलीकर

नमस्कार मंडळी. २०१८ च्या शेवटी जुळवलेला पीसी आहे. रायझन ३ २२००जी, बी४५०एम बोर्ड (रॅमचे दोनच स्लॉट), डीडीआर४ २४०० ची ८ जीबीची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, १ टीबी हार्ड डिस्क, ६० हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). विंडोज अजून १० च.

मुख्यतः व्हॅलोरंट आणि सीएस२ (दोन्ही ऑनलाइन गोळीबाराचे गेम), शनिवार-रविवारी जीटीए ऑनलाइन. व्हॅलोरंटमध्ये एरवी शंभरच्या वर एफपीएस (सेकंदाला चित्रं) असतात, पण बॉम्बच्या जागी, म्हणजे साइटवर, स्मोक-फ्लॅश सुरू झाले की धाडकन पन्नासवर. सीएस२ तर सतत अडखळतं. वायफायवर पिंग (सर्व्हरला जाऊन परत यायचा वेळ, मिलिसेकंदांत) १२ वरून ९० वर उड्या मारतो. बजेट २५ हजार, अगदीच गरज पडली तर हजार-दोन हजार वर. वाशीतला दुकानदार म्हणतो, सगळे पैसे कार्डात घाला. घालू का?

पाचपाखाडी

नका घालू. तुमची लक्षणं कार्डाची नाहीतच.

खात्री स्वतःच करून घ्या, फुकट आहे. गेममधली एफपीएस मर्यादा आणि व्ही-सिंक (एफपीएस पडद्याच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा, एनव्हीडियाचा ओव्हरले ऑल्ट आणि आर दाबून उघडा आणि गर्दीच्या राउंडमध्ये जीपीयूचा (कार्डावरच्या ग्राफिक्स चिपचा) वापर किती टक्के दिसतो ते बघा. एफपीएस पडताना जीपीयू ५०-६० टक्क्यांवर असेल तर तो रिकामा बसून प्रोसेसरची वाट बघतोय. दुसरी चाचणी: रिझोल्यूशन १२८०×७२० करा. एफपीएस फारसे वाढले नाहीत तर अडलंय प्रोसेसर आणि रॅमपाशी.

२२००जी मध्ये चार कोअर, चारच थ्रेड आणि एल३ कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) फक्त ४ एमबी. व्हॅलोरंट, सीएस२ सारखे गेम कार्डाला फार दमवत नाहीत, पण दहा खेळाडू, गोळ्या, धूर यांचा हिशोब प्रोसेसरवर पडतो. त्यात रॅमची एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, मेमरीचा अर्धा रस्ता बंद. मागे डिस्कॉर्ड आणि ब्राउझर चालू असतील तर ८ जीबी संपतात आणि विंडोज हार्ड डिस्कवर पेजिंग करू लागतं, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरतं. सीएस२ चं अडखळणं बहुधा तेच. (टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ १-२ जीबी दिसत असेल, तर प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स रॅम खातंय. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ते बंद करा. पैसे न घालवता तेवढी रॅम परत.)

तुमचा बोर्ड एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) आहे हे नशीब. बोर्ड न बदलता रायझन ५ ५६०० बसतो: सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल३. ५६००एक्स साठी जास्त पैसे देऊ नका, बूस्टला ४.४ ऐवजी ४.६ गिगाहर्ट्झ, बाकी तेच. ५५०० आणि ५६००जी दोन्हींत एल३ १६ एमबीच आहे, आणि या गेमना कॅशच लागते. एएम५ या नव्या सॉकेटचा विचार सोडा, तिथे बोर्ड आणि डीडीआर५ दोन्ही नव्याने घ्यावे लागतात.

रॅम ८+८ ची ३२०० वाली जोडी. जुन्या २४०० च्या शेजारी नवी ३२०० लावली तर दोन्ही २४०० वर चालतील, आणि रायझनमध्ये आतले भाग जोडणाऱ्या फॅब्रिकचा वेगही रॅमशी बांधलेला असतो. पैसे कमी पडले तर तशी जोडी तात्पुरती चालेल, एकट्या स्टिकपेक्षा बरीच. रॅमचे भाव सध्या स्थिर नाहीत, त्याच दिवशी दोन-तीन दुकानांत विचारा. शिवाय ५०० जीबीचा एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारा) एसएसडी. त्याने एफपीएस वाढत नाहीत, पण मॅप लवकर उघडतो आणि मधले झटके कमी होतात.

आणखी एक कारण प्रोसेसरच्या बाजूचं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत २२००जी नाही, ५६०० आहे.

कोपरी_पूल

पिंगच्या उड्यांना यातला एकही पार्ट उपाय नाही, तेव्हा तो खर्च वेगळा धरा. सुदैवाने तो दोन-चारशे रुपयांचा आहे.

दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. घणसोलीहून फायबरवर १२ म्हणजे लाइन ठणठणीत. ९० होतो तो तुमच्या घरात. कमांड प्रॉम्प्टमधून आधी राउटरलाच शंभर वेळा पिंग करा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१). राउटरपर्यंतच ४०-५० मिलिसेकंद दिसत असतील तर दोष वायफायचा. सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर आजूबाजूच्या पंधरा-वीस घरांचे राउटर कोकलत असतात. ५ गिगाहर्ट्झवर गेल्यास फरक पडतो, पण दोन भिंती मधे आल्या की तोही ढेपाळतो. सरळ कॅट ६ केबल ओढा, कॅट ५ई सुद्धा पुरते. फक्त शुद्ध तांब्याची मागा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास विकतात. ती वळवताना तुटते, मग एखादी जोडी जाते आणि लिंक १००० ऐवजी १०० वर येते.

केबल लावूनही संध्याकाळीच पिंग चढत असेल, तर घरात कुणाच्या तरी फोनचा फोटो-बॅकअप अपलोड भरून टाकत असतो. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा ती सेटिंग) असेल तर अपलोडची मर्यादा प्लॅनच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा.

जीटीए ऑनलाइनचं दुखणं निराळं. तो गेम खेळाडूंना थेट एकमेकांशी जोडतो. तुमचा प्रोव्हायडर एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटत असेल तर ‘स्ट्रिक्ट नॅट’ (बाहेरून थेट जोडणी होत नाही) दिसतं आणि लॉबी तुटते. त्यासाठी पब्लिक आयपी मागावा लागतो, बऱ्याच ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात.

ऐरोली_नाइटशिफ्ट

पाचपाखाडींशी प्रोसेसरवर सहमत, एसएसडीवर नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर २०० एफपीएस आणून दिसणार काय? ६० वर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९. एसएसडी पुढच्या महिन्यात आला तरी चालेल, पैसे मॉनिटरकडे वळवा. सध्या जाहिरातीत वेगवान म्हणून ७५ आणि १०० हर्ट्झही विकतात. थांबायचं तर १४४ पर्यंत थांबा. घरी आणल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने बदला, आपोआप ६० वरच राहतो. शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल वापरा.

आणि तो कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस! त्याच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १६ असेल तर १६×१२ म्हणजे १९२ वॉट, बाहेर ४५० छापलेलं असलं तरी. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही याच १२ व्होल्टवर जगतात. ५६०० आणि १०५० टीआय मिळून पूर्ण भाराला साधारण दीडशे वॉट, म्हणजे आज कसंबसं निभेल. पुढे आरएक्स ६६०० सारखं १३२ वॉटचं कार्ड लावलंत की गेमच्या मधेच पीसी बंद. तेव्हा ८० प्लस ब्राँझचा ५५० वॉटचा घ्या.

जुन्या कार्डांबद्दल: स्वस्त आरएक्स ५८० दिसलं तर ‘२०४८एसपी’ आहे का बघा, ते नावालाच ५८०. आरएक्स ६५०० एक्सटी तुमच्या बोर्डावर नकोच. त्याला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातला रस्ता) चारच लेन आहेत आणि बी४५० वर त्याही तिसऱ्या पिढीच्या, त्यामुळे ४ जीबी भरले की रखडतं. क्लिप रेकॉर्ड करायला हार्डवेअर एन्कोडरही नाही.

घणसोलीकर

चाचणी केली. एफपीएस पडताना जीपीयू ५५ टक्के, ७२०पी वर जेमतेम दहा एफपीएस वाढले. एसएमपीएसवर १२ व्होल्ट, १८ अँपिअर. म्हणजे ५६००, रॅम आणि एसएमपीएस आत्ता, उरलेल्यात एसएसडी किंवा मॉनिटर. रविवारी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जातो. प्रोसेसर घरी बसवला तर चालेल का?

पाचपाखाडी

रविवारी नको, बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारी जा. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. प्रोसेसर सीलबंद बॉक्सचाच घ्या: कूलर आणि एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी त्याच्यासोबत येते. ‘ट्रे’ वाला थोडा स्वस्त असतो, त्यात यातलं काही नसतं. जीएसटीच्या बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, ‘बिलाशिवाय पाचशे कमी’ ला भुलू नका.

घरी बसवता येतो, क्रम मात्र चुकवू नका. बायोस जुना २२००जी बसलेला असतानाच अपडेट करायचा. आधी ५६०० बसवलात तर स्क्रीनच येणार नाही. बोर्डाच्या अचूक मॉडेलची फाइल घ्या, रिव्हिजनसुद्धा जुळवा. पेन ड्राइव्ह एफएटी३२. काही बोर्डांना मधलं एक व्हर्जन आधी टाकावं लागतं, ते डाउनलोडच्या पानावर लिहिलेलं असतं. एजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ किंवा पुढचंच घ्या. त्याआधीच्यात एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधली सुरक्षा सोय) अधूनमधून पीसी क्षणभर गोठायचा. लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा, यूपीएस असेल तर उत्तम.

मग दहा-पंधरा मिनिटं गेम चालवा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. बंद करून प्लग काढा. कूलरचे चारही स्क्रू सोडवा, आणि कूलर वर ओढण्याआधी डावीकडे-उजवीकडे हलके फिरवा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. घाईने ओढलं तर प्रोसेसर सॉकेटमधून कूलरला चिकटूनच बाहेर येतो आणि पिना वाकतात. नवीन बसवताना सोन्याचा त्रिकोण जुळवा, दाब अजिबात द्यायचा नाही. नव्या कूलरला पेस्ट लावलेलीच असते. स्क्रू तिरपे, आलटून पालटून आवळा.

सुरू केल्यावर एफटीपीएम रीसेट करायचं का असं विचारेल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर आधीच रिकव्हरी की लिहून ठेवा, मग वाय दाबा. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमची पूर्ण वेगाची सेटिंग, चालू करा (काही बोर्डांवर नाव डीओसीपी), नाहीतर ३२०० ची रॅम मुकाट २१३३ किंवा २४०० वर बसते. आणि ५६०० ला अंगभूत ग्राफिक्स नाही, तेव्हा १०५० टीआय विकून टाकू नका आणि मॉनिटरची केबल कार्डालाच लावा.

ऐरोली_नाइटशिफ्ट

विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (एफटीपीएम चालू केलं की मिळतं) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) दोन्ही लागतात, नाहीतर व्हॅन ९००१ किंवा ९००३ ची एरर येते. एसएसडी घेतलात तर विंडोज त्यावर नव्याने टाका: आधी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, एफटीपीएम चालू. इन्स्टॉल होईपर्यंत हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा, नाहीतर बूटची फाइल जुन्या डिस्कवर जाऊन बसते आणि ती डिस्क काढली की पीसी उठत नाही. सिक्युअर बूट सगळं झाल्यावर चालू केलं तरी चालतं.