केबल ताणण्याआधी ड्रम बघा

हँडब्रेक ओढूनही चढावर गाडी दोन-तीन इंच सरकते म्हणजे हँडब्रेकची केबल सैल, असं समजलं जातं. दर वेळी तसं नसतं. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) दोन शू (ब्रेकचे अर्धगोल पट्टे) असतात, हँडब्रेक त्यांना ड्रमला दाबतो. चाक किंचित फिरलं की ड्रम त्यातल्या एका शूला आपल्याबरोबर ओढतो, तो आधाराला जाऊन टेकतो आणि मग पकड खरी घट्ट होते. त्यात सस्पेन्शनचे रबरी बुशही थोडे दबतात. एकदा सरकून गाडी ठाम थांबली तर काळजी नको. हळूहळू सरकतच राहिली तर मात्र दोष आहे.

तेव्हाही थेट केबलचा नट आवळू नका, ही चूक फार होते. केबल ताणलेली राहिली की शूला जोडलेली लिव्हर मूळ जागी येत नाही, शू झिजतील तसं त्यांचं अंतर आपोआप लावणारा ऑटो-अ‍ॅडजस्टर चालेनासा होतो, शू घासत राहून ड्रम तापतो. आधी केबल सैल करून ड्रममधल्या अ‍ॅडजस्टरने शूचं ड्रमपासूनचं अंतर लावा, मग केबल. मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक असतील तर घाट उतरून लगेच उभी केलेली गाडी काही मिनिटांनीही सुटू शकते, कारण तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड ढिली पडते. अशा वेळी हँडब्रेकची लिव्हर एक खाच जास्त ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवाच.