बार्शी लाइटची वाघीण: सात फुटांची रुंदी डोळ्याला खटकतेय

कुर्डुवाडीकर
राम राम मंडळी. ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या जुन्या रेल्वेची उंच बाजूंची उघडी वाघीण, म्हणजे मालडबा, करतोय. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर हमाल होते. अडीच फुटी गाडीनं आलेला माल ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवायचा, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. दोन्हीकडचे रूळच वेगळे, त्यामुळे शेंगांचं प्रत्येक पोतं कुणाच्या तरी पाठीवरूनच पुढे जायचं. ते म्हणायचे, "दिसायला बुटकी, पण पोती सरता सरायची नाहीत." तीच वाघीण मला उभी करायचीय, म्हणून अंदाजपंचे काही ठेवायचं नाही.

अंडरफ्रेम (डब्याखालची चौकट) २५ फूट लांब, ७ फूट रुंद धरलीय, म्हणजे ७.६२ मीटर आणि २.१३ मीटर. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. समोरून बघितलं की डबा दोन्ही अंगांना सव्वादोन फूट बाहेर येतो आणि आत्ता कलंडतोय की काय असं वाटतं. माप चुकलंय का? सहा फूट करू?

शिवाय चालताना मागच्या बोगीची (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याची) चाकं जागेवर न फिरता वरखाली झोके घेतात. आणि वरून डोकावलं की पलीकडच्या बाजूची आतली भिंत गायब, तिच्या आरपार खालची खडी दिसते.

तीसपौंडी
सहा फूट अजिबात करू नका दादा! सात फूट बरोबर आहे, आणि तीच तर त्या वाघिणीची ओळख. १८९७ साली ही लाइन सुरू झाली ती इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या एका हट्टावर: इंजिन असो की वाघीण, प्रत्येक आसावर भार ५ टनच. रूळ हलके ठेवायचे आणि तेवढ्या भारात मावेल तितका माल भरायचा. मग डबा रुंद होणारच. चार आस, म्हणजे भरलेली वाघीण २० टन. बॉक्सएन या ब्रॉडगेजच्या उघड्या वाघिणीच्या मूळ रचनेत एकेका आसावर २०.३२ टन धरलेत, म्हणजे ब्रिटिश मापाचे २० टनच. तुमच्या आजोबांची अख्खी भरलेली वाघीण बॉक्सएनच्या एका आसावर बसते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता आकडे बघत बसलो होतो.

म्हणूनच वॅग फाइलमध्ये (सिम्युलेटरला वाघिणीची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) वजन नुसतं २० टाकू नका, तिथे मेट्रिक टन धरले जातात. २०.३२ टाका. रिकाम्या वाघिणीची फाइल वेगळी करा, नाहीतर चढावर इंजिनाला फरकच जाणवणार नाही.

आता डोळ्याला का खटकतंय ते. खाली रूळ कुठले टाकलेत? मूळ लाइन यार्डाला ३० पौंडी रुळांची, मीटरला १५ किलोसुद्धा नाही. तुम्ही मीटरला ६० किलोच्या रुळाची जाडी ठेवली असेल तर मधली फट चिंचोळी दिसते आणि डबा वरून लादल्यासारखा वाटतो. रूळ बारीक करून बघा.

ब्लेंडरवाली
चाकांचं सांगते. मागची बोगी पुढचीवरून आरशासारखी उलटवून घेतली असणार, तिथे उणे स्केल राहिलंय. प्रत्येक चाकजोडीचा ओरिजिन (ती ज्याभोवती फिरते तो बिंदू) आसाच्या बरोबर मध्यावर आणा, मग रोटेशन आणि स्केल अप्लाय करा. भिंतीचं म्हणाल तर पॉलिगॉनला, म्हणजे मॉडेलच्या प्रत्येक सपाट तुकड्याला, दिसणारी एकच बाजू असते. आतली भिंत वेगळी काढा आणि वरच्या काठाला पत्र्याची जाडी दाखवा, नजर तिथेच जाते.

एक विनंती. ही फ्रेम दाबीव पोलादाची होती. सोलबारच्या (फ्रेमच्या बाजूच्या लांब तुळयांच्या) कडा थोड्या गोल ठेवा. टोकदार कोपरे ठेवलेत तर लाकडी पेटी वाटेल.

कुर्डुवाडीकर
दोघांचेही मनापासून आभार. उणे स्केलच निघालं, चाकं आता आसावर शांत फिरतात. रूळ बारीक केले आणि सात फुटांची वाघीण एकदम बसली. रात्री आईला दाखवली तर म्हणाली, "अशीच होती. आम्ही हिच्या सावलीला बसून डबा खायचो."

आता तळ राहिलाय. आजोबांच्या सदऱ्याला कायम शेंगांच्या फोलपटांची लालसर धूळ असायची, तीच मला आतल्या पत्र्यावर हवीय. कुणाकडे वाघिणीचा आतून काढलेला फोटो असेल तर कृपया टाका, धुरकट असला तरी चालेल.