सॉ हिम क्रॉस की क्रॉसिंग?

प्रश्न: इंदूरहून विचारतेय. मुलीच्या ग्रामरमधे "आय सॉ हिम क्रॉस द रोड" आणि "क्रॉसिंग द रोड" दोन्ही बरोबर दिलंय, मग फरक काय? आणि हिमनंतर क्रॉसेस का नाही, ती तिथेच अडलीये.

– ताई, क्रॉस म्हणजे तो राजवाड्यासमोरून निघून पार पलीकडे पोचलेला तुम्ही पाहिला, क्रॉसिंग म्हणजे पाहिलं तेव्हा तो मधेच होता, पुढचं माहीत नाही. काळ सॉमधे आलाच, म्हणून क्रॉसला काहीच लागत नाही. हिअर, वॉचचंही असंच.

– मेक पण घोटून घ्या. "शी मेड मी वेट", इथे टू नाही, पण पॅसिव्ह केलं की "आय वॉज मेड टू वेट", टू येतोच, पोरं हमखास इथेच चुकतात.

– आणि हेल्पला?

– टू लावून किंवा टूशिवाय, दोन्ही चालतं.