मुरूम काढला, चार इंच माती पसरली, म्हणजे जमीन झाली?

बांधावरचा:
परवा इथल्याच एका पोस्टीत वाचलं, की मुरमाची खाण संपली की वर चार इंच काळी माती पसरा, करंज लावा, तीन वर्षांत जमीन होती तशी. खाली अंगठ्यांचा पाऊस. लिहिणाऱ्यानं कधी औत धरलंय का?

आमची दोन एकर रस्त्याच्या कामाला मुरमासाठी दिली. वरची माती बाजूला ठेवून परत पसरून देऊ, असं करारात होतं. ठेवली की! भर जुलैत, रिपरिप चालू असताना पोकलेननं ओला चिखल खरवडला आणि मुरमासकट वीस फुटांचा ढीग मारला. तो दोन वर्षं तसाच. पसरला तेव्हा पोटातली माती निळसर, गटारासारखा वास. त्यावर हायवा, म्हणजे मोठा डंपर, फिरवून अशी दाबली, की आता फाळ सहा इंचांवर खणकन थांबतो. हरभरा पेरला, वीतभर झाला, पिवळा पडला, बसला.

माती वाफशावर उचला, म्हणजे ओल असते पण चिखल नसतो तेव्हा. काळी वेगळी, मुरूम वेगळा. ढिगाची उंची दोन मीटरच्या आत ठेवा, वर ताग-धैंचा, ही हिरवळीच्या खताची पिकं, पेरा म्हणजे माती जिवंत राहते. आणि परत टाकण्याआधी खाणीचा तळ खोल फोडा, नाहीतर मुळं जाणार कुठं? रॉकेट नाही उडवायचं.

खडीवाला:
दादा, वाफसा बघून काम करायला आम्ही काय पाहुणे आलोय? कामाला तारीख असते. आणि हिशोब ऐका. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट; एकरावर एक फूट माती म्हणजे 435 ब्रास. पाच ब्रासची हायवा धरली तरी 87 खेपा. डिझेल कोण घालणार? पैसे ब्रासवर मोजून घेताना वाफसा नाही आठवला. बरड होतं म्हणूनच मुरमाला दिलंत ना?

बांधावरचा:
बरड? नऊ इंच माती होती. बाजरी, मटकी, वर्षाआड तूर. खेपांचा हिशोब मलाच कशाला? माती माझ्याच शेतातली, माझ्याच शेतात पडलेली. ती नीट उचलायची होती, विकत आणायची नव्हती.

मळ्यातली:
भांडता कशाला, धरणाचा गाळ टाका. गाळमुक्त धरणाची योजना 2017 ला आली तेव्हा गाळ फुकट, वाहतूक आपली. आम्ही दीड एकर माळावर टाकला. जिथं कुसळं यायची तिथं कांदा घेतला. सासरे म्हणत होते पैसे पाण्यात, आता तेच पाहुण्यांना शेत दाखवतात.

मृदामास्तर:
ताई, अभिनंदन, पण गाळ म्हणजे सोनं हे आता बंद करा. गाळात चिकणमाती भरपूर. तुमच्या माळाखाली मुरूम होता, पाणी झिरपलं. खाणीत मुरूमच काढून नेलेला असतो, खाली थेट काळा कातळ. त्यावर गाळ म्हणजे परातीत कणीक. दोन पावसांत चिबड, पाणी साचून जमीन सडते.

मळ्यातली:
मास्तर, पुस्तकातून उठून या एकदा. पीक येतंय.

मृदामास्तर:
मी स्वतःच्या भावाच्या शेतातलं सांगतोय. दोन फूट गाळ, खाली दगड. कपाशी मुळाशी कुजली. आजही चर काढतोय बिचारा.

मळ्यातली:
दोन फूट कुणी सांगितलं टाकायला? आम्ही चार-पाच इंच टाकला आणि मूळ मुरमाड मातीत कालवला. भावाचा दोष गाळावर कशाला?

मृदामास्तर:
कालवला असेल तर वेगळं. हे आधी लिहायचं होतं.

मळ्यातली:
आधी विचारायचं होतं.

क्रशरशेजारी:
गाळ-बिळ राहू द्या. आमच्या द्राक्षाच्या पानांवर खडी फोडणाऱ्या क्रशरची पांढरी भुकटी बसते, धुवायला रोज टँकर. यावर धागा कधी?

निवृत्त भाऊसाहेब:
विषयावर या. गौण खनिज सरकारचं. विनापरवाना काढलं तर जमीन महसूल संहितेचं कलम 48(7), बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. 2012 पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, पाच हेक्टरांखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागते. खाणीच्या आराखड्यात माती साठवणं, परत पसरणं सगळं असतं. मी पंचनामे केलेत. खड्डा किती खोल ते टेप लावून मोजायचो. माती कुठं गेली, हा रकाना कुणी विचारलाच नाही. मीही नाही.

खडीवाला:
भाऊसाहेब, निवृत्तीनंतर सगळ्यांनाच आठवतं.

शहरवासी:
मग खड्डा भरताच कशाला? शेततळं करा.

बांधावरचा:
उभ्या कडांचं शेततळं? आमच्या चुलत्यांची म्हैस तशाच खाणीत पडली. दोर लावून वर काढेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि वाचली नाही. आधी कडा उतरत्या करा, मग पाणी साठवा.

खडीवाला:
बरं, मान्य. पुढच्या कामात ढीग दोन मीटरचे. मग पसरायला तिप्पट जागा लागणार, ती उभ्या पिकातून देणार का?

बांधावरचा:
देतो, बांधालगतचा पट्टा. करारात लिहा. आणि तुमच्या पोकलेनवाल्याला पाठवा, मुठीत माती दाबून वाफसा कसा बघतात ते दाखवतो. चहा तुमचा.

खडीवाला:
चहाही ब्रासवर मोजू काय?

क्रशरशेजारी:
आणि माझ्या द्राक्षांचं?