बसायला कट्टा हवा
विद्यार्थी मोकळा वेळ फक्त मॉल नाहीतर कॅफेत घालवतात, असं सर्रास म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. खिसा रिकामा असला की जागेची निवड वेगळीच होते. काही विकत न घेता बसता येतं का? तासाभराने कोणी उठवत नाही ना? दोघांचे सात झालो तर मावू का? मग उरतात बागेचे कठडे नाहीतर वाचनालयाच्या पायऱ्या. शहरी जागांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांचं चित्रीकरण करून निष्कर्ष काढला: जिथे बसायला जागा, तिथे लोक बसतात! (हसू नका, नगररचनाकार नेमकं हेच विसरतात.) मुलींच्या बाबतीत मात्र उजेड आणि वर्दळ आधी, दिवे नसलेल्या बागेकडे संध्याकाळनंतर त्या फिरकतच नाहीत.