इंजिन गरम झालं की न्यूट्रल लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात गिअर मध्येच राहतो. गिअरबॉक्स खरंच उघडावा लागेल का?

नमस्कार मंडळी,

गाडी म्हणजे १५० सीसीची बाईक, पाच गिअर, एक खाली चार वर. रनिंग ३८,००० किमी. गेले तीन आठवडे गिअरनं अगदी जेरीस आणलंय.

सकाळी गाडी थंड असते तेव्हा गिअर अलगद पडतात. वीस-पंचवीस मिनिटं गर्दीतून चालवली की दुखणं सुरू. सिग्नलला थांबल्यावर न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. पहिल्यातून जरा वर उचललं की थेट दुसरा, खाली दाबलं की पहिला. शेवटी क्लच धरून बसतो, मनगटाला रग लागते. क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे ओढते, ब्रेक धरून ठेवावा लागतो. थांबायच्या आधी, गाडी सरकत असतानाच प्रयत्न केला तर मात्र न्यूट्रल पटकन मिळतं. इंजिन बंद केलं तरी मिळतं.

दुसरी तक्रार वेगळी आहे की याच्याशीच जोडलेली, ते कळत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना दिवसातून तीन-चारदा गिअर मध्येच अडकतो. रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडीला ओढ येत नाही. परत उचलला की खाडकन बसतो. काल मागे ट्रक असताना हेच झालं आणि खरं सांगतो, हात थरथरले. एकदा नीट पडलेला गिअर आपोआप सुटलेला नाही, कुठल्याही वेगात.

आतापर्यंत ऑइल बदललं (पुस्तिकेत लिहिलंय तेच १०डब्ल्यू-३०), चेन २५ मिमी ढिलाईवर आणली. फरक नाही. गॅरेजमध्ये एक चक्कर मारून सांगितलं, ‘गिअरबॉक्स गेला, इंजिन खोलू.’ खोलायला माझी ना नाही, पण खात्री झाल्याशिवाय खोलायचं नाही. अजून काय तपासू? जाड ऑइल टाकून उपयोग होईल का?

———

प्रतिसाद:

आत्ता इंजिन खोलू नका. तुम्ही लिहिलेल्यातली एक ओळ फार कामाची आहे: इंजिन बंद केलं की न्यूट्रल लागतं. गिअरबॉक्स तोच, बदललं काय? इंजिनाची ओढ तेवढी गेली. म्हणजे क्लच दाबूनही त्याच्या आतल्या प्लेटा एकमेकींपासून पूर्ण सुटत नाहीत, गिअरच्या दातांवर ताण राहतो आणि ते जागचे हलत नाहीत.

घरीच दोन गोष्टी करून बघा. इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर. मागचं चाक हातानं फिरवत एकेक गिअर टाका. पाचही नीट बसले तर आतली मोठी मोडतोड बहुधा नाही. मग गाडी चांगली गरम करून, मेन स्टँडवरच, पहिला गिअर टाका आणि क्लच पूर्ण दाबा. चाक थोडं फिरेलच, प्लेटांमध्ये ऑइल असतं. पण हलका ब्रेक लावल्यावर ते सहज थांबलं पाहिजे. ब्रेक लावताच इंजिन दबायला लागलं तर क्लच सुटत नाहीये. चाकाजवळ हात-पाय, ओढणी, काही नेऊ नका.

क्लच लिव्हरच्या टोकाशी प्ले, म्हणजे वायर ताणली जाण्याआधीची मोकळी चाल, किती आहे तो पट्टीनं मोजा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना १० ते २० मिमी लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. प्ले जास्त असेल तर लिव्हरची अर्धी चाल वाया जाते आणि प्लेटा पुरेशा उघडत नाहीत. आयडल स्पीड (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) वाढलेला असेल तर तोही त्रास देतो. जाड ऑइल टाकू नका, त्यानं प्लेटा आणखी चिकटतील.

क्लचची वायर बदलून, प्ले बसवूनही तसंच राहिलं, तर क्लच कव्हर काढून स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का पाहा. क्लच हाउसिंगच्या कडांवर बोट फिरवा, खाचा पडल्या असतील तर प्लेटा तिथे अडकतात. एवढ्यासाठीही क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) फोडावा लागत नाही.

———

दुसरा प्रतिसाद:

दोन-तीनचं दुखणं वेगळं धरा. गिअर लिव्हर हातानं पुढे-मागे हलवून पाहा, शाफ्टवर सैल आहे का. तिथे दोन मिमी वाया गेले तरी गिअर अर्धवट राहतो. लिव्हर फार खाली बसवलेला असेल तर बुटाचा उचलही अपुरा पडतो. भार दिल्यावर पडलेला गिअर उडायला लागला, तर मात्र दात किंवा आतले गिअर सरकवणारे फोर्क झिजलेत असं समजा, तेव्हा इंजिन खोलण्याला पर्याय नाही.

———

मूळ प्रश्नकर्ता, चार दिवसांनी:

दोघांचे मनापासून आभार. इंजिन बंद असताना पाचही गिअर स्वच्छ बसले. गरम इंजिनावर ब्रेक लावला तर इंजिन बंदच पडलं. प्ले मोजला, तब्बल ३२ मिमी! वायर सोडवली तर लिव्हरकडच्या गुंडीपाशी पाच-सहा तारा तुटून झाडूसारख्या पसरलेल्या. कव्हरमध्ये लपल्यामुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. आणखी काही दिवसांत भर रस्त्यात तुटलीच असती.

नवी वायर टाकली, प्ले १५ मिमी ठेवला. काल तासभर गर्दीत चालवली, प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल पहिल्या फटक्यात.

तिसरा गिअर अजून दिवसातून एकदा तरी चुकतोय. गिअर लिव्हर खरंच सैल आहे, बोल्ट पूर्ण आवळूनही खुळखुळतो. काढून पाहिला तर लिव्हरच्या आतले दाते झिजून गुळगुळीत झालेत, शाफ्टचे मात्र धारदार आहेत. म्हणून फक्त लिव्हर बदलतोय. नवा बसवताना उंची किती ठेवावी? फूटरेस्टवर पाय टेकवून बुटाचं टोक लिव्हरखाली आरामात जाईल इतकी पुरते का, की त्याहून थोडी वर?