सू म्हणजे नेमकं किती?

प्रश्न असा की फ्रेंच कथांत येणारं ‘सू’ हे नाणं आणि फ्रँक एकच का, तर नाही. जुन्या हिशोबात २० सूंचा एक लिव्र (फ्रान्सचं जुनं चलन), म्हणजे आपल्या सोळा आण्यांच्या रुपयासारखाच प्रकार. क्रांतीनंतर १७९५ मध्ये फ्रँक आला, त्याचे १०० सांतीम झाले, पण लोकांच्या तोंडातला सू काही गेला नाही, ५ सांतीमच्या नाण्याला ते सूच म्हणत राहिले, जसं आपण १९५७ नंतरही २५ पैशांना चाराणेच म्हणायचो ना अगदी तसंच. त्यामुळे ‘शंभर सू’ वाचलं की ५ फ्रँक समजायचे. विसाव्या शतकात तर हे ५ सांतीमचं नाणं मधे भोक असलेलंही निघालं होतं, आपल्याकडच्या भोकाच्या पैशासारखं!

आता २००२ पासून व्यवहारात युरो आहे, तरी बोलताना ‘सू’ म्हणजे सरळ पैसे. ‘सां ल सू’ म्हणजे खिशात दमडी नसलेला. म्हणून भाषांतरात तिथे ‘एक पैसा’पेक्षा मला दमडीच बरोबर वाटते, त्यातलं कफल्लकपण लगेच पोचतं.